बॉल पॉकेटमध्ये बसतो, तरी दहा नंबरची पिन पडत नाही : कोअर, लेआउट आणि दोषाचा शोध

टेनपिन बोलिंग खेळणाऱ्यांची तक्रार बहुधा अशी असते. पहिल्या गेममध्ये बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे एक आणि तीन नंबरच्या पिनांमधल्या फटीत, शिरतो आणि दहाही पिना आडव्या होतात. दुसऱ्या गेमच्या मध्यापासून तोच बॉल, लेनवरच्या त्याच बाणावरून, त्याच पॉकेटमध्ये लागतो, नऊ पिना पडतात आणि मागच्या रांगेतली, अगदी उजवीकडची दहा नंबरची पिन जागची हलत नाही. एखाद्या वेळी असे झाले तर ते नशिबावर घालता येते. परंतु दर वेळी दुसऱ्या गेमपासूनच हे सुरू होत असेल, तर त्यामागे शोधता येण्याजोगे कारण असते. बहुतेक खेळाडू ते कारण बॉलमध्ये शोधतात, अधिक जोरकस कोअरचा (आतल्या गाभ्याचा) नवा बॉल घेतात, त्यात बोटांची छिद्रे जुन्याच मापांवर ड्रिल करून घेतात आणि महिन्याभरात पुन्हा त्याच पिनेकडे पाहत उभे राहतात. मी स्वतः या फेऱ्यात तीन बॉल खर्ची घातले. तिसऱ्या बॉलनंतर लक्षात आले की दोष त्या बॉलमध्ये नव्हता. तिन्ही बॉल ज्या एका मोजमापावर ड्रिल झाले होते, त्या मोजमापातच तो होता. तेथपर्यंत पोहोचण्याचा क्रम पुढे दिला आहे. वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या दृष्टीने आहे. डावखुऱ्या खेळाडूने दहाच्या जागी सात आणि उजवीकडच्या जागी डावीकडे असे वाचावे.

सहा नंबरची पिन काय सांगते

पॉकेटमध्ये नीट शिरलेला बॉल स्वतः फक्त १, ३, ५ आणि ९ या चार पिनांना स्पर्श करतो. दहा नंबरची पिन पाडण्याचे काम सहा नंबरची पिन करते आणि तिला तीन नंबरची पिन ढकलते. म्हणून बॉल पॉकेटमध्ये लागला की नजर सहावर असावी. सहा नंबरची पिन वेगाने उडून दहाच्या मानेभोवती वळसा घालून गेली, तर बॉलमध्ये जोर पुरेसा होता आणि कोन केवळ केसभर चुकला असे समजावे. खेळाडू याला ‘रिंगिंग टेन’ म्हणतात. याउलट सहा नुसतीच कलंडली आणि दहाच्या शेजारच्या गटरमध्ये सुस्तपणे आडवी झाली, तर ती ‘फ्लॅट टेन’ होय. या दुसऱ्या प्रकारात पिनांना धडकल्यावर बॉल स्वतःच उजवीकडे ढकलला गेलेला असतो. कधी कधी त्याच गेममध्ये पाच नंबरची पिन किंवा आठ-दहाची जोडी उभी राहते, तीही याच दुबळ्या माऱ्याची खूण असते. या लेखाचा विषय फ्लॅट टेन हा आहे. रिंगिंग टेनसाठी कोणी बॉल पुन्हा ड्रिल करून घेत असेल, तर त्याने आधी पाय एका फळीने, म्हणजे लेनवरील एका पट्टीच्या रुंदीने, सरकवून पाहावे.

पॉकेट उजवीकडून मोजल्यास सुमारे साडेसतराव्या फळीवर असते आणि तेथे बॉल सुमारे सहा अंशांच्या कोनातून शिरला, तर स्ट्राइकची, म्हणजे एकाच बॉलने दहाही पिना पडण्याची, शक्यता सर्वांत अधिक असते. लेन ३९ फळ्यांची, साडेएकेचाळीस इंच रुंद आणि फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट लांब असल्यामुळे अगदी उजव्या कडेवरून सरळ टाकलेला बॉलही पॉकेटमध्ये दीड अंशापेक्षा अधिक कोन करू शकत नाही. उरलेले साडेचार अंश हूकनेच मिळवावे लागतात, आणि तो हूक योग्य वेळी व्हावा लागतो.

येथेच निदानात पहिली फसगत होते, कारण एकच फ्लॅट टेन दोन अगदी उलट कारणांनी राहू शकते. बॉल लेनवर लावलेल्या तेलावर फार लांबपर्यंत घसरत गेला आणि वळण पुरे होण्याआधीच पिनांपाशी पोहोचला, तर कोन अपुरा पडतो. बॉलने घर्षण फार लवकर पकडले, त्याचे वळणे ४० फुटांच्या आसपासच संपले आणि शेवटचे वीसेक फूट तो नुसता सरळ गडगडत गेला, तरीही कोन अपुराच पडतो. पहिल्या प्रकारात अधिक जोरकस बॉल हा उपाय असतो, दुसऱ्या प्रकारात तोच उपाय दोष वाढवतो. दोन्ही प्रकार ओळखण्यासाठी एक सोपी चाचणी पुरते. पाय दोन फळ्या डावीकडे आणि लक्ष्य एक फळी डावीकडे न्यावे, म्हणजे बॉल सुरुवातीला अधिक तेलातून जाईल. पिना जोराने उडू लागल्या, तर आधीचा बॉल लवकर थकत होता. मारा आणखी दुबळा झाला, तर तो आधीच अधिक घसरत होता. दुसऱ्या गेमपासून सुरू होणारी तक्रार बहुधा लवकर थकण्याची असते, कारण तोपर्यंत खेळाडूंच्या बॉलांनी नेहमीच्या रेषेवरचे तेल उचलून नेलेले असते.

कोअर करतो काय आणि काय करत नाही

बॉल निवडताना होणाऱ्या बोलण्यात कोअरविषयी जे ऐकू येते, त्यावरून असे वाटते की आत एखादे इंजिन आहे आणि ते लेनच्या टोकाशी सुरू होऊन बॉलला पॉकेटकडे ओढते. हा समज सोडल्याशिवाय लेआउटचा, म्हणजे कोअरच्या मानाने छिद्रे कोठे पाडायची या आखणीचा, विचार नीट करता येत नाही. बॉलला वळवते ते फक्त लेन आणि कव्हरस्टॉक (बॉलचे बाहेरचे आवरण) यांच्यातील घर्षण. कोअर एवढेच ठरवतो की बॉल फिरता फिरता कव्हरचा किती ताजा, तेल न लागलेला भाग लेनला लावेल आणि वेगातून फिरकीकडे होणारे संक्रमण किती लवकर पुरे होईल. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या अमेरिकेतील नियामक संस्थेने अनेक घटक वेगवेगळे करून जो बॉलच्या गतीचा अभ्यास केला, त्यातही कव्हरच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा हाच सर्वांत प्रभावी घटक ठरला. कोअरची मापे त्याच्या मागे येतात आणि लेआउट त्याही मागे. दोष शोधण्याचा क्रमही तसाच असावा, असे माझे मत आहे.

हे संक्रमण आकड्यांत पाहिले की समजणे सोपे जाते. ताशी १८ मैल वेगाने जाणारा बॉल अजिबात न घसरता गडगडायचा असेल, तर त्याला मिनिटाला सुमारे ७०० फेरे घ्यावे लागतील, कारण त्याचा परीघ सुमारे २७ इंच असतो. सामान्य खेळाडूच्या हातून तो ३०० फेऱ्यांच्या आसपास सुटतो, म्हणजे सुरुवातीला तो फिरण्यापेक्षा घसरतच अधिक असतो. घर्षण त्याचा वेग थोडा कमी करते, फेरे वाढवते आणि फिरकीची बाजूची दिशा पुढच्या दिशेला वळवते. फेरे आणि वेग जुळले की हूक संपतो आणि बॉल सरळ रेषेत गडगडू लागतो. घसरण, हूक आणि गडगड या तीन अवस्थांपैकी तिसरी अवस्था पिनांच्या जेमतेम आधी सुरू व्हावी, हे सगळ्या खटाटोपाचे उद्दिष्ट असते.

बॉलच्या माहितीपत्रकात आरजी, डिफरन्शियल आणि असममित (ज्याचा कोअर सर्व बाजूंनी सारखा नसतो असा) बॉल असल्यास इंटरमीजिएट डिफरन्शियल असे तीन आकडे दिलेले असतात. आरजी म्हणजे बॉलचे वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरले आहे याचे इंचांतील माप. नियमांनुसार ते २.४६ ते २.८० यांच्या दरम्यान असावे लागते. आरजी कमी असेल तर वस्तुमान मध्याजवळ असते, फेरे लवकर वाढतात आणि गडगड लवकर सुरू होते. जास्त असेल तर बॉल अधिक काळ घसरतो. २.४८ आणि २.५८ हे आकडे कागदावर जवळजवळचे दिसतात. परंतु फिरवण्याला होणारा विरोध आरजीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने त्यांच्यात सुमारे आठ टक्क्यांचा फरक पडतो. डिफरन्शियल म्हणजे सर्वाधिक आणि सर्वांत कमी आरजी यांच्यातील फरक. त्याची कमाल मर्यादा ०.०६० आहे. हा आकडा मोठा असेल तर बॉलचा फिरण्याचा अक्ष अधिक सरकतो. असममित कोअरमध्ये तिसरा आकडा महत्त्वाचा होतो. तो जितका मोठा तितका घसरणीतून हूककडे जाण्याचा वळणबिंदू झटपट येतो. छापलेले आकडे सहसा १५ पौंडी बॉलचे असतात. तोच बॉल १४ पौंडांत घेतला तर आकडे बदलतात आणि १२ पौंडांखाली पुष्कळदा आतला कोअरच वेगळा असतो, हे अनेकांना बॉल हाती आल्यावर कळते.

अक्ष सरकतो तो कसा, हे भोवऱ्यावरून समजून घेता येईल. ज्याची आर फिरण्याच्या अक्षावर बरोबर बसलेली आहे तो भोवरा एका जागी स्थिर फिरतो. आर तिरकी असेल तर तो डुलत डुलत फिरतो. बॉलमधला कोअरही तसाच आहे. कोअरचे वरचे टोक कोठे आहे हे बॉलच्या पृष्ठभागावरील छोट्या रंगीत ठिपक्याने दाखवलेले असते. त्याला पिन म्हणतात. उभ्या पिनांशी गोंधळ होऊ नये म्हणून येथे त्याला पिन-ठिपका म्हटले आहे. हा ठिपका खेळाडूच्या फिरण्याच्या अक्षावर बरोबर ठेवला तर कोअर स्थिर राहतो. अक्षापासून पावणेसात इंचांवर, म्हणजे परिघाच्या पाव भागावर ठेवला तरीही स्थिर राहतो. या दोहोंच्या मध्यावर, ३ ३/८ इंचांवर ठेवला तर तो सर्वाधिक अस्थिर होतो आणि अक्ष सर्वाधिक सरकतो. अक्ष सरकला की प्रत्येक फेऱ्यात लेनला लागणारा पट्टा बदलतो. यालाच फ्लेअर म्हणतात.

तेलाची वलये वाचणे

यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. बॉल स्वच्छ पुसावा, ताज्या तेलावर एकदा टाकावा आणि परत आल्यावर न पुसता दिव्याखाली तिरपा धरावा. पृष्ठभागावर तेलाची बारीक वलये दिसतात. ती दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात आणि त्या दोन ठिकाणांच्या मध्यावर पंख्याच्या काड्यांसारखी पसरतात. पहिल्या वलयापासून शेवटच्या वलयापर्यंतचे सर्वांत रुंद अंतर मापपट्टीने मोजून वहीत लिहावे. वलये एकमेकांवर चढून एकच जाड, ओलसर पट्टा दिसत असेल, तर बॉल प्रत्येक फेऱ्यात आपल्याच तेलावर घसरतो आहे. ती सुटी, स्पष्ट आणि पाच इंचांपर्यंत पसरलेली दिसत असतील, तर प्रत्येक फेऱ्यात कोरडे कव्हर लेनला लागते आहे. वलये एकदा सुटी झाली की आणखी फ्लेअरने फारसे काही मिळत नाही, म्हणून केवळ मोठ्या डिफरन्शियलसाठी बॉल घेण्यात मला अर्थ दिसत नाही. एखादे वलय बोटांच्या किंवा अंगठ्याच्या छिद्रावरून जात असेल, तर बॉल लेनवरून जाताना टक-टक आवाज येतो. तसा आवाज येत असेल तर इतर कशाकडेही पाहण्याआधी तोच दोष दूर करावा.

माझ्या तिसऱ्या बॉलवरची वलये चांगली सुटी आणि रुंद होती, आणि त्याचा मला त्या वेळी अभिमानच वाटत होता. वास्तविक तीच तक्रारीची पहिली खूण होती. मी बॉल फार वेगाने टाकत नाही, पण फेरे मात्र बरे देतो. अशा खेळाडूचा बॉल मुळातच लवकर गडगडू लागतो. त्याला इतक्या फ्लेअरची गरज नसते.

आधी पृष्ठभाग, कारण तो परत बदलता येतो

पृष्ठभागाचा खडबडीतपणा सँडिंग पॅडच्या आकड्यांत सांगतात. ५०० किंवा १००० चा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि तेलातही लवकर पकड घेतो. ३००० किंवा ४००० चा गुळगुळीत असतो, आणि त्यावर पॉलिश केल्यास बॉल आणखी लांब घसरतो. खेळता खेळता लेन स्वतःच पृष्ठभाग बदलत राहते. खडबडीत कव्हर हळूहळू गुळगुळीत होते, पॉलिश केलेले कव्हर हळूहळू निस्तेज होते आणि बॉल घेतला तेव्हाची वागणूक विसरली जाते. रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे कव्हर तेल शोषूनही घेते, त्यामुळे ते प्रत्येक खेळानंतर पुसले आणि ठराविक गेमनंतर खोलवर स्वच्छ केले पाहिजे.

माझा बॉल १५०० च्या पॅडवर घासलेला होता. तो ३००० पर्यंत नेल्यावर पहिला बदल दिसला. फ्लॅट टेन दुसऱ्या गेमऐवजी तिसऱ्यात सुरू झाली. म्हणजे दिशा बरोबर होती, पण मूळ कारण वेगळेच होते. येथे थांबून पॉलिशवर जाण्याचा मोह होतो. मी तेही करून पाहिले, आणि बॉल पहिल्या गेममध्ये इतका घसरू लागला की उलट प्रकारची फ्लॅट टेन मिळू लागली. पृष्ठभागाने दोष एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकला, संपला नाही; अशा वेळी लेआउटकडे वळावे.

लेआउटआधी आणखी एक गोष्ट तपासावी लागते आणि ती म्हणजे पकड. अंगठा छिद्रात अडकून उशिरा सुटत असेल तर फिरकीच वेगळी होते, आणि कोणताही लेआउट त्याची भरपाई करू शकत नाही. अंगठ्याच्या छिद्रात टेपची एक पट्टी कमी-जास्त करून चार-पाच वेळा बॉल टाकल्यावर हे कळते.

पीएपी : ज्या बिंदूपासून सगळे मोजले जाते

बॉल हातातून सुटतो तेव्हा तो ज्या अक्षाभोवती फिरत असतो, त्या अक्षाचे पृष्ठभागावरील उजवीकडचे टोक म्हणजे पॉझिटिव्ह अ‍ॅक्सिस पॉइंट, थोडक्यात पीएपी. बोटे आणि अंगठा यांच्या छिद्रांमधल्या अंतराचा मध्य म्हणजे पकडीचा मध्य. तेथून आडव्या मध्यरेषेवर उजवीकडे किती इंच आणि तेथून वर किंवा खाली किती इंच, अशा दोन आकड्यांत पीएपी सांगतात. प्रत्येक खेळाडूचा पीएपी वेगळा असतो. पिन-ठिपका ३ ३/८ इंचांवर ठेवा किंवा पाच इंचांवर, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते अंतर पीएपीपासूनचे असते. पीएपी चुकला तर उरलेला सगळा हिशेब हवेत राहतो.

माझ्या नोंदीत पीएपी ‘पाच इंच उजवीकडे, अर्धा इंच वर’ असा होता. हे माप अनेक उजव्या खेळाडूंच्या मापाजवळचे असल्यामुळे, मोजमाप न करता बॉल ड्रिल करायचा झाला तर पुष्कळदा हेच गृहीत धरले जाते. माझ्या बाबतीत ते कधी मोजले होते की गृहीत धरले होते, हे ड्रिलरलाही आठवत नव्हते. पहिल्या बॉलच्या कागदावर ते लिहिलेले होते आणि पुढच्या दोन्ही बॉलसाठी त्याच कागदावरून उतरवून घेतले गेले. मी दोन वर्षांपूर्वी मनगटाची ठेवण बदलली होती, त्याची नोंद अर्थातच कोठेही नव्हती.

पडताळणी पुढीलप्रमाणे केली. पीएपी जेथे असल्याचे सांगितले होते तेथे नखाएवढी पांढरी टेप चिकटवली आणि उजव्या बाजूने, थोडे मागून, मोबाइलवर मंदगतीचे चित्रण करायला एकाला उभे केले. पीएपी खरा असेल तर बॉल सुटल्यावर पहिल्या काही फुटांत टेप एका जागी स्थिर फिरताना दिसते, जणू ती चाकाच्या आसावरच बसवली आहे. चुकलेला असेल तर टेप सुरुवातीपासूनच लहान गोल काढू लागते. पुढे लेनवर अक्ष सरकत असल्यामुळे नंतरचे गोल हे फ्लेअरचे असतात, म्हणून निर्णय पहिल्या काही फुटांवरूनच घ्यावा. माझी टेप सुटताक्षणी रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा गोल काढत होती. टेप थोडी डावीकडे, मग थोडी वर, असे सरकवत सातव्या वेळी ती स्थिर झाली. तेथून मोजले तेव्हा पीएपी सव्वाचार इंच उजवीकडे आणि एक इंच वर असा निघाला. नंतर पहिल्या तेलवलयावर वक्र पट्टी ठेवून, त्याच्या सर्व बिंदूंपासून सारख्या अंतरावर असलेला बिंदू शोधला. तोही याच जागी आला.

पाऊण इंच आणि अर्धा इंच एवढ्या फरकाने काय होते, ते पाहण्यासारखे आहे. माझे लेआउट बॉलचे रचनाकार मो पिनेल यांनी प्रचारात आणलेल्या ड्युअल अँगल पद्धतीने केलेले होते. या पद्धतीत तीन आकडे असतात. मधला आकडा पिन-ठिपका ते पीएपी हे अंतर. पहिला आकडा ड्रिलिंग अँगल, म्हणजे पिन-ठिपक्यापासून पीएपीकडे जाणारी रेषा आणि पिन-ठिपक्यापासून मास बायसच्या (असममित कोअरच्या जड बाजूच्या) खुणेकडे जाणारी रेषा यांच्यातील कोन. तिसरा व्हीएएल अँगल, म्हणजे पिन-ठिपका ते पीएपी ही रेषा आणि पीएपीमधून जाणारी उभी अक्षरेषा यांच्यातील कोन. ड्रिलिंग अँगल लहान असेल तर बॉल हूक लवकर सुरू करतो, मोठा असेल तर उशिरा. व्हीएएल अँगल लहान असेल तर वळण झटकन होते, मोठा असेल तर ते सावकाश, लांबट होते. पिन बफर वापरणारी पद्धत हीच माहिती कोनाऐवजी अंतरात सांगते. पिन बफर म्हणजे पिन-ठिपक्याचे उभ्या अक्षरेषेपासूनचे अंतर.

माझ्यासाठी ठरवलेले अंतर साडेचार इंच होते आणि व्हीएएल अँगल ४० अंश, म्हणजे मध्यम फ्लेअर आणि फारसे न झटकणारे वळण. गृहीत पीएपीपासून मोजल्यास पिन-ठिपका अनामिकेच्या वर येतो आणि तो तेथेच होता. ड्रिलरने आखणीत काहीही चूक केली नव्हती. पण त्याच ठिपक्याचे अंतर खऱ्या पीएपीपासून, बॉलच्या गोलाईचा हिशेब धरून काढले, तर ते जेमतेम ३ ५/८ इंच भरते. व्हीएएल अँगल जवळपास तोच राहतो, पिन बफर मात्र अडीच इंचांवरून सव्वादोन इंचांच्याही खाली येतो. म्हणजे कागदावरचा मध्यम लेआउट प्रत्यक्षात सर्वाधिक फ्लेअरच्या उंबरठ्यावर होता. कोअरला डुलवणारा रेटा ढोबळ हिशेबाने १५ टक्के वाढला होता आणि वळणही ठरवल्यापेक्षा झटपट होत होते. ताज्या तेलावर हा जादा जोर झाकला जात होता. दुसऱ्या गेममध्ये तेल कमी झाले की बॉल आपला हूक पिनांच्या बराच आधी संपवत होता. आणि दर वेळी मी अधिक जोरकस कोअर घेऊन तीच चूक आणखी मोठी करत होतो.

दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

जुन्या सल्ल्यांत अशा वेळी एक उपाय हमखास सापडतो : बाजूला एक जादा छिद्र पाडून फ्लेअर कमी-जास्त करणे. १ ऑगस्ट २०२० पासून असे संतुलनाचे छिद्र अधिकृत स्पर्धांत चालत नाही, आणि बॉलवर जी छिद्रे आहेत ती प्रत्येक वेळी पकडीसाठी वापरावीच लागतात. त्याच वेळी स्थिर वजनाच्या फरकाची मर्यादा बाजूंसाठी एक औंसावरून तीन औंस झाली. बोटांकडचे वजन, अंगठ्याकडचे वजन यांवर तासन्‌तास चालणारी चर्चा आजच्या कोअरच्या बॉलच्या बाबतीत बहुतांशी निरर्थक आहे, असे मी पूर्वीही म्हणत असे. आता नियमांनीच तिचे महत्त्व कमी केले आहे. बॉलच्या वागणुकीवर प्रभाव पडतो तो छिद्रांची जागा आणि खोली यांमुळे कोअरच्या आकड्यांत होणाऱ्या बदलाचा. विशेषतः अंगठ्याचे छिद्र सममित कोअरच्या बॉललाही ड्रिलिंगनंतर किंचित असममित करते. दोन हातांनी, अंगठा न घालता खेळणाऱ्यांचा बॉल म्हणूनच त्याच आखणीत वेगळा वागतो.

तीन बॉलपैकी एकच मी बुजवून पुन्हा ड्रिल करून घेतला. त्याचा लेआउट ७० अंश, पाच इंच, ४० अंश असा ठरवला, या वेळी खऱ्या पीएपीपासून. पिन-ठिपका अनामिकेच्या वरून मधल्या बोटाच्या वर सरकला. खेळताना हातात डोळ्यांसमोर दिसणारा बदल एवढाच होता. दुसरा बॉल, जो सर्वांत असममित होता, तसाच ठेवला आणि तेल भरपूर असलेल्या लेनसाठी राखून ठेवला. तेथे त्याचा जादा फ्लेअर उपयोगी पडतो. तिसरा ३००० च्या पॅडवर घासून मधल्या परिस्थितीसाठी ठेवला. ज्यांच्याकडे एकच बॉल आहे, त्यांनी बुजवून ड्रिल करण्याआधी पृष्ठभाग आणि पायांची जागा या दोन्ही वाटा पूर्ण चाचपून घ्याव्यात, कारण छिद्र परत मागे घेता येत नाही.

ज्यांची तक्रार उलट आहे, म्हणजे बॉल वेगाने जातो, फेरे कमी आहेत आणि हूक उशिरा होतो, त्यांनी हीच तपासणी करून आकडे उलट दिशेने न्यावेत : खडबडीत पृष्ठभाग, कमी आरजी, पिन-ठिपका ३ ३/८ इंचांच्या जवळ आणि दोन्ही कोनांची बेरीज लहान. त्यांच्या बाबतीतही पीएपी आधी मोजावा. चुकीचा पीएपी कोणाचा बॉल कोणत्या बाजूला नेईल, हे त्या चुकीच्या दिशेवर अवलंबून असते, आणि माझ्याकडे जसा फ्लेअर वाढला तसा दुसऱ्याकडे तो घटलेलाही असू शकतो.

पुन्हा ड्रिल केलेल्या बॉलवर टेप लावून पहिल्याच दिवशी चित्रण केले. टेप पहिले काही फूट स्थिर होती. वलये आधीपेक्षा एका इंचाने अरुंद, तरीही सुटी होती. चौथ्या गेमपर्यंत सहा नंबरची पिन एकदाही गटरमध्ये सुस्त पडली नाही. दहा नंबरची पिन दोनदा उभी राहिली. दोन्ही वेळा सहा तिच्या मानेभोवती वळसा घालून मागच्या पडद्यावर आदळली होती, आणि त्यासाठी पाय एक फळी सरकवणे पुरेसे ठरले.